सख्ख्या भावाचे न जुळणे

बेळगावकडील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. तिच्या धाकट्या दिरांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून यंत्राच्या साहाय्याने रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्यांस आठवड्यातून दोन वेळा शहरात न्यावे लागते. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे रोपण सुचविले आणि घरातील माणसांची तपासणी झाली. या भगिनीचे पती हे रुग्णाचे थोरले बंधू. दोघांचा रक्तगट एकच. परंतु पुढील तपासणीत थोरल्या भावाच्या पेशींचा एकही अंश धाकट्याशी जुळला नाही. उलट, लग्न होऊन परगावी नांदत असलेली त्यांची बहीण पूर्णपणे जुळली.

एवढ्यावरून त्या घरात दोन दुःखे एकदम शिरली. "एकाच आईबापांची लेकरे, मग असे कसे?" अशी कुजबुज गावात सुरू झाली. ती सासूबाईंच्या कानांवर गेली आणि त्या वृद्ध माउलीने दोन दिवस अन्न घेतले नाही. दुसरीकडे, त्या बहिणीस रोज निरोप जाऊ लागले की, तू जुळलीस म्हणजे देवानेच तुला निवडले आहे. आता मागे सरशील तर पाप लागेल. तिला दोन लहान मुले आहेत. आमची ही वाचक भगिनी विचारते: सख्खा भाऊ जुळत नाही हे शक्य आहे काय? आणि जी जुळते तिच्यावर आपला धर्म खरोखरच सक्ती करतो काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्र देते, दुसऱ्याचे ख्रिस्तसभेची शिकवण देते. दोन्ही उत्तरे स्पष्ट आहेत. म्हणून आजचे सदर आम्ही त्यांसाठीच राखून ठेवीत आहो.

संत कॉस्मास आणि संत डेमियन या वैद्यबंधूंची आख्यायिका आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. रोम येथील त्यांच्या देवळाच्या एका सेवकाचा पाय सडला होता. रात्री झोपेत हे दोघे संत आले, त्यांनी तो पाय काढून टाकला, नुकत्याच पुरलेल्या एका इथिओपियन मनुष्याचा पाय आणून तेथे जोडला, आणि सकाळी तो सेवक धडधाकट उठून बसला. आख्यायिकेत तो पाय चिकटला. निसर्गात मात्र तसे घडत नाही. देवाने आपल्या शरीरास एक पहारेकरी दिलेला आहे. जे आपले नाही ते ओळखावे आणि हाकून लावावे, हे त्याचे काम. रोगजंतूंपासून आपण वाचतो ते त्याच्यामुळेच. परंतु भल्या हेतूने दिलेले परके मांसही तो त्याच न्यायाने घालवून देतो.

ही गोष्ट स्पष्टपणे ध्यानात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ग्लासगो शहरी. भाजलेल्या एका स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे लहान लहान तुकडे लावण्यात आले. काही दिवस ते चांगले दिसले. मग गळून गेले. त्याच भावाची त्वचा पुन्हा लावली, तेव्हा ती पहिल्याहूनही लवकर गेली. म्हणजे शरीराने भावाची त्वचा परकी ठरविली होती, इतकेच नव्हे तर ती लक्षातही ठेवली होती. शल्यवैद्य थॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1943 साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मेडावर यांना पुढे 1960 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सख्ख्या भावाचे न जुळणे हे आपल्या गावातील नवल नव्हे, हे आमच्या वाचकांनी येथेच ध्यानात घ्यावे.

मग जुळतो कोण? सर्वांत आधी यश आले ते एकसारख्या जुळ्या भावांत. 23 डिसेंबर 1954 या दिवशी, नाताळच्या उंबरठ्यावर, अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावाच्या शरीरात बसविले. दोघे खरोखरच एकसारखे जुळे आहेत ना, हे पाहण्यासाठी आधी एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्यास लावून पाहिला होता आणि बोटांचे ठसेही ताडून घेतले होते. आजारी भाऊ त्यानंतर आठ वर्षे जगला. ज्या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली तिच्याशीच त्याने विवाह केला आणि त्यांना दोन मुले झाली. डॉ. मरे हे श्रद्धावंत कॅथलिक होते. धडधाकट माणसाच्या अंगावर, त्याच्या स्वतःच्या काहीही फायद्याचे नसताना, शस्त्र चालवावे काय, हा प्रश्न त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना फार जड गेला. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी इतर डॉक्टरांचा, कायदेपंडितांचा आणि निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला. 1990 साली त्यांनाही नोबेल पारितोषिक देण्यात आले.

परंतु जुळा भाऊ कितीजणांस असतो? बाकीच्यांसाठी, शरीराचा पहारेकरी आपला-परका कोणत्या खुणेवरून ओळखतो हे शोधणे भाग होते. 1958 साली तीन ठिकाणच्या संशोधकांना ही खूण गवसली. पॅरिस येथील जाँ दोसे यांना असे दिसले की, ज्या रुग्णांना पुष्कळ वेळा दुसऱ्याचे रक्त दिलेले आहे, त्यांच्या रक्तद्रवात परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. त्यांनी शोधलेल्या पहिल्या खुणेस तीन स्वयंसेवकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून 'मॅक' असे नाव मिळाले.

हॉलंडमधील लायडेन येथे यान व्हान रूड यांना आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे रोझ पेन यांना तीच प्रतिपिंडे आढळली ती मात्र मातांच्या रक्तात. याचे कारण मोठे हृद्य आहे. पोटातील बाळ अर्धे आईचे असते व अर्धे बापाचे. बापाकडून आलेल्या खुणा आईच्या शरीरास परक्या असतात; तरी ती बाळाला नऊ महिने सांभाळते, आणि तिच्या रक्तात त्या खुणांची आठवण मात्र राहून जाते. ज्या स्त्रियांना अनेक अपत्ये झाली त्यांच्या रक्तात अशा आठवणी अधिक. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत ऊतींची तपासणी होत असे ती अशा लेकुरवाळ्या मातांनी दिलेल्या रक्तद्रवाच्या थेंबांनी. आपल्या रक्ताने किती अनोळखी रुग्णांचे काम झाले हे त्या मातांपैकी बहुतेकींना कधी कळलेही नसेल.

या खुणांना आज 'एच.एल.ए.' असे म्हणतात. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांपैकी सहाव्या जोडीवर या खुणांची जनुके एकमेकांस लागून बसलेली आहेत. रक्तगट ठरविणारे जनुक निराळ्याच, नवव्या जोडीवर असते. म्हणून रक्तगट एक आणि खुणा भिन्न असे सहज होऊ शकते. रक्तगट मोजके, या खुणांचे प्रकार मात्र हजारो आहेत.

आता आमच्या भगिनीने पुढील हिशेब सासूबाईंना समजावून सांगावा. त्यास शाळा शिकलेली असण्याची गरज नाही. बापाजवळ मण्यांच्या दोन माळा आहेत असे समजा: एक तांबडी, एक काळी. आईजवळ दोन: एक हिरवी, एक पिवळी. प्रत्येक लेकराच्या वेळी बाप आपली कोणतीही एक माळ देतो, आई आपली कोणतीही एक. म्हणजे लेकराच्या गळ्यात तांबडी-हिरवी, तांबडी-पिवळी, काळी-हिरवी किंवा काळी-पिवळी अशी जोडी पडते. पाचवा प्रकार नाही. आता धाकट्याला तांबडी-हिरवी मिळाली असेल आणि थोरल्याला काळी-पिवळी, तर दोघांत एकही माळ समान नाही. तरीही दोघेही त्याच बापाचे आणि त्याच आईचे. बहिणीला तांबडी-हिरवीच आली, म्हणून ती पूर्ण जुळली. माळेचे मणी क्वचित मध्येच अदलाबदल होतात, परंतु ते विरळा.

यावरून असे निघते की, कोणतीही दोन भावंडे घेतली तर चारांत एक वेळ ती पूर्ण जुळतील, चारांत दोन वेळा अर्धी जुळतील आणि चारांत एक वेळ मुळीच जुळणार नाहीत. रुग्णास तीन भावंडे असली तरी त्यांपैकी एक तरी पूर्ण जुळेल असा संभव शेकडा 58 इतकाच. थोरल्याचे न जुळणे हे कोणाच्या शीलावरील लांछन नव्हे, कोणाच्या पापाचा दाखला नव्हे आणि बंधुप्रेमाची उणीवही नव्हे. जे कोणी चावडीवर बसून यातून दुसरा अर्थ काढीत आहेत त्यांनी एका निष्कलंक वृद्ध मातेवर खोटा आळ घेतला आहे. आणि खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा केवळ न्यायालयासाठी दिलेली नाही.

येथवरचे उत्तर त्या घरास दिलासा देईल. यापुढचे कदाचित सोयीचे वाटणार नाही. परंतु ते सांगितल्यावाचून आमचे काम पुरे होत नाही.

थोरले बंधू जुळले नाहीत, म्हणजे त्यांचा प्रश्न मिटला आणि सर्व भार बहिणीवर आला, अशी त्या घराची समजूत झालेली दिसते. मूत्रपिंडाच्या बाबतीत ही समजूत आज बरोबर नाही. पॉल तेरासाकी या जपानी वंशाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1964 साली अगदी सूक्ष्म थेंबावर ऊतींची तपासणी करण्याची रीत बसविली. महायुद्धाच्या काळात बालवयात आपल्या कुटुंबासह छावणीत कोंडला गेलेला हा मनुष्य. 1969 साली त्यांनी आणि पटेल नावाच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की, सर्वांत मोठा धोका असतो तो रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून तयार असली तर. अशा 30 रोपणांपैकी 24 तत्काळ फसली होती. जेथे अशी प्रतिपिंडे आढळली नाहीत त्या 195 पैकी केवळ 8. म्हणून आज प्रत्येक रोपणापूर्वी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून पाहतात. ही परीक्षा निर्णायक. खुणा जितक्या अधिक जुळतील तितके उत्तम. परंतु त्या न जुळल्या तरी पहारेकऱ्यास शांत ठेवणारी औषधे गेल्या चाळीसेक वर्षांत इतकी सुधारली आहेत की रोपण यशस्वी होऊ शकते. ती औषधे मात्र रोज, न चुकता, घ्यावी लागतात.

याची प्रचिती याच तेरासाकी यांनी 1995 साली अमेरिकेतील आकडे जमवून दिली. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला दिलेली मूत्रपिंडे तीन वर्षांनंतर शेकडा 85 कार्यक्षम होती. आईबापांनी लेकरांना दिलेली शेकडा 82. मृत दात्यांची शेकडा 70. पतिपत्नींत रक्ताचे नाते नसते, खुणा बहुधा जुळत नाहीत. तरीही असे झाले, कारण निरोगी, जिवंत माणसाचे ताजे मूत्रपिंड मिळाले. तात्पर्य हे की, ज्यांचा रक्तगट रुग्णाशी मिळतो त्या थोरल्या बंधूंनी पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि ही दुसरी परीक्षा आपल्या बाबतीत काय सांगते हे विचारावे. न जुळणे ही लाज नाही, तशी ती सुटकाही नाही. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आया, बहिणी, पत्नी पुढे होतात. कित्येकदा त्यांना पुढे केले जाते. घरातील पुरुषांनी या गोष्टीचा आपल्या मनाशी विचार करावा.

कायद्यानेही आणखी वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. 1994 चा अवयवरोपणाचा कायदा आणि त्याची 2011 ची दुरुस्ती यांनुसार पतिपत्नी, आईवडील, मुले, भावंडे, आजीआजोबा व नातवंडे यांस जवळचे नातलग म्हणून देता येते. एका कुटुंबातील दाता आपल्या रुग्णास चालत नसेल आणि दुसऱ्या कुटुंबाचीही तीच अडचण असेल, तर त्या दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करता येते. मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी सरकारी यादीत नाव नोंदविता येते. अवयवाची खरेदी-विक्री मात्र गुन्हा आहे, आणि अज्ञान मुलाचा अवयव जिवंतपणी घेण्यास बंदी आहे.

अस्थिमज्जेची गोष्ट याहून वेगळी. ती थोडक्यात सांगतो, कारण थॅलेसेमियाची लेकरे आपल्याही गावांतून आहेत. मज्जा रोपताना पहारेकऱ्यालाच बदलावयाचे असते. म्हणून तेथे खुणांची जुळणी फार काटेकोर लागते. नवा पहारेकरी रुग्णाच्या संपूर्ण शरीरास परके समजून त्यावर उठू शकतो. भारतात असे रोपण प्रथम 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. घरात कोणी जुळत नसेल तर अनोळखी दाता शोधतात. अशा दात्यांची पहिली मोठी नोंदवही 1974 साली लंडनमध्ये शर्ली नोलन या मातेने आपल्या आजारी मुलासाठी, अँथनीसाठी, सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही. 1979 साली, आठव्या वर्षाच्या आत, तो निवर्तला. परंतु त्याच्या नावाची ती नोंदवही आजही चालू आहे, आणि जगभरच्या अशा नोंदवह्यांत आता चार कोटींहून अधिक नावे आहेत. त्यांत भारतीयांची नावे फार थोडी. आणि खुणा बहुधा आपल्याच वंशाच्या, आपल्याच मुलुखाच्या माणसांशी जुळतात. येथेही 2009 पासून 'दात्री' ही संस्था अशी नोंद करीत आहे. नाव नोंदविण्यास गालाच्या आतील बाजूस कापसाची काडी फिरविली की पुरते, आणि दिलेली मज्जा शरीर काही आठवड्यांत भरून काढते. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळांना हे काम करण्याजोगे आहे.

आता दुसरा प्रश्न: ती बहीण बांधलेली आहे काय?

ख्रिस्तसभेने अवयवदानाचा कधी धिक्कार केलेला नाही. पोप पायस बारावे यांनी 1956 च्या मे महिन्यात नेत्रदानाविषयी बोलताना त्यास मान्यता दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 च्या 'इव्हांजेलियुम व्हिते' या परिपत्रात अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील थोर कृत्यांत केली. 29 ऑगस्ट 2000 रोजी रोममध्ये जमलेल्या रोपणतज्ज्ञांपुढे बोलताना त्यांनी असे सांगितले की, अवयव प्रथम कोणास मिळावा हे ठरविताना वय, लिंग, वंश, धर्म वा प्रतिष्ठा पाहू नये. शरीराच्या जुळणीवरून आणि रोगाच्या स्थितीवरून ते ठरावे. म्हणजे ज्या खुणांवरून त्या गावात कुजबुज माजली, त्याच खुणा गरीब-श्रीमंत भेद न करणारे माप म्हणून पोपमहोदयांनी मान्य केल्या आहेत.

परंतु त्याच शिकवणीत आणखी एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगितलेली आहे. दान हे दान असावयास हवे. दात्याने समजून-उमजून, मोकळ्या मनाने संमती दिली पाहिजे, आणि त्याच्या देहास होणारा धोका रुग्णाच्या हिताशी प्रमाणात असला पाहिजे. न्यायाने जे देणे लागते ते मागता येते. प्रेमाने जे दिले जाते ते मागून, धमकावून, पापाचे भय घालून घेता येत नाही. प्रभु येशूने आपला प्राण स्वतः होऊन दिला; तो त्याच्यापासून कोणी हिरावून घेतला नाही, असे त्यानेच सांगितले. खुणा जुळणे म्हणजे देवाची आज्ञा नव्हे. तो एक संभव आहे. त्या बहिणीस आपल्या पतीविषयी व दोन लेकरांविषयीही कर्तव्ये आहेत, आणि तीही देवानेच दिलेली आहेत. तिने दिले तर ते थोर कृत्य होईल. तिने न दिले तर तिने कोणतेही पाप केले नाही. शस्त्रक्रियेच्या घटकेपर्यंत तिला आपली संमती मागे घेता येते. तिने डॉक्टरांना एकटीने, सासर-माहेरचे कोणी जवळ नसताना, भेटावे, सर्व शंका विचाराव्यात, आणि प्रार्थना करून ठरवावे. तिने जे ठरविले ते घरच्यांनी पुन्हा उकरून काढू नये.

शेवटी एक सूचना त्या गावास. मूत्रपिंड एकच माणूस देईल. परंतु आठवड्यातून दोनदा रुग्णास शहरात घेऊन जाणे, त्या दिवशी त्याच्या लेकरांना जेवू घालणे, त्याच्या शेताची पेरणी वेळेवर उरकून देणे, आयुष्यभर लागणाऱ्या औषधांसाठी सोसायटीच्या पेटीतून काही बाजूस काढणे, ही कामे करण्यास कोणाच्या खुणा जुळाव्या लागत नाहीत. आणि येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर चार शेजारणींनी त्या वृद्ध मातेच्या घरी जाऊन तिच्यासोबत जेवण घ्यावे. तिला सध्या त्याची गरज आहे.